खरेदीखतात नसलेला माणूस

खरेदीखतात ठरावीक माणसं असतात. लिहून देणार, लिहून घेणार, लागलाच तर मान्यता देणार आणि शेवटी ओळख पटवायला दोघेजण. दापोलीत दस्त लिहायच्या कामाला मला सव्वीस वर्षं झाली. या काळात लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक खरेदीखतामागे आणखी एक माणूस होता. गिऱ्हाईक त्याने शोधलं, भाव त्याने ठरवला, नालासोपाऱ्यापासून डोंबिवलीपर्यंत विखुरलेल्या वारसांना तारखेच्या आदल्या रात्री गाडीत घालून त्याने आणलं, माझ्या टेबलावर कागद त्याने ठेवले आणि माझे पैसेही बहुतेक वेळा त्यानेच दिले. दस्तात त्याचं नाव नाही. असलंच तर ओळख पटवणारा म्हणून. म्हणजे ‘या माणसाला मी ओळखतो’ एवढीच त्याची जबाबदारी.

कुणी त्याला दलाल म्हणतं, कुणी एजंट. कार्डावर तो ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ असतो. कोकणात जागा-घरांच्या व्यवहारांत जे घोळ होतात त्यांचं खापर त्याच्या लबाडीवर फोडायची आपल्याला सवय आहे. मला तो रोगाचा अर्धाच भाग वाटतो. तो माणूस नेमका कुणाचा, हे कागदावर कधीच येत नाही, आणि म्हणून कायद्याने त्याच्यावर टाकलेली कर्तव्यं त्याला चिकटतच नाहीत. मूळ दुखणं हे आहे.

आधी त्याची बाजू, कारण ती खरी आहे. आमच्याकडचा सातबारा एकदा डोळ्यांसमोर आणा. कब्जेदार सदरी चाळीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मयत, वारसनोंद झालेली नाही, क्षेत्र सामाईक, इतर हक्कात कुळाचं नाव आणि पोटहिश्श्याची मोजणी कधी झालेलीच नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं कुठे आहेत, कुठे नाहीत. मालक पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत. गणपती-शिमग्याला येतात, घराचं दार उघडतात, पुन्हा लावून जातात. ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या माणसाला अशा ठिकाणी घर बांधायला दहा गुंठे हवे असतील तर तो कुणाकडे जाणार? कुणाच्या आज्याने कुणाला गडग्यापलीकडचा, म्हणजे दगडी कुंपणापलीकडचा तुकडा तोंडी दिला होता, कुठला भाऊ सहीला आडवा जाईल, कुठल्या पाणंदीवरून भांडण आहे, हे तलाठ्याच्या दप्तरात नसतं. ते गावातल्या त्या पोराला ठाऊक असतं. तो दोन-दोन वर्षं वारसांच्या दारात चपला झिजवतो. त्या कामाचे त्याला पैसे मिळालेच पाहिजेत, आणि चांगले मिळाले पाहिजेत.

पण ते कसे मिळतात, ते सांगतो. काही वर्षांपूर्वीचा दस्त. कलमांची बाग, अख्खा हिस्सा नंबर, अठरा गुंठे, मधे पडकं घर आणि बारमाही विहीर. विकणारे गृहस्थ कल्याणला असायचे, पंच्याहत्तरीच्या पुढचे. घेणारं जोडपं पुण्याचं. सह्या, अंगठे, फोटो सगळं उरकलं आणि आम्ही बाहेर टपरीवर चहाला उभे राहिलो. पुण्याच्या बाई सहज म्हणाल्या, “सव्वादोन लाख गुंठा जरा जास्तच झाले, पण विहीर आहे ना.” मी दस्तात दीड लिहिला होता. म्हाताऱ्यालाही दीडच मिळाला होता. मधले पंच्याहत्तर हजार गुणिले अठरा, म्हणजे साडेतेरा लाख, ‘मालकाला वरचे रोखीत द्यायचे आहेत’ असं सांगून मधल्या माणसाने घेतले होते. शिवाय दोन्हीकडून दोन-दोन टक्के वेगळे. म्हातारा माझ्यापासून हातभर अंतरावर बशीत चहा ओतत होता.

मी गप्प बसलो. त्या एजंटाकडून माझ्याकडे वर्षाला वीस-पंचवीस दस्त येत होते. हे लिहिताना मला काही फार बरं वाटत नाही, पण या साखळीत दस्त लिहिणारा, मोजणी करून देणारा, दाखले काढून आणणारा असे सगळे कसे बांधलेले असतात ते कळावं म्हणून लिहितो.

दोन भावांमधल्या त्या लपवलेल्या फरकाला आमच्या भाषेत ‘वरचा रेट’ म्हणतात. धंद्यात नवीन आलेला पोरगा पहिली गोष्ट हीच शिकतो: दोन्ही पार्ट्यांची गाठ दस्ताच्या दिवसापर्यंत पडू द्यायची नाही आणि त्या दिवशी पडली तर रेट फुटू द्यायचा नाही. इतकं रुळलंय, की यात काही बेकायदा आहे असं एजंटालाही वाटत नाही आणि ज्याचे पैसे गेले त्यालाही वाटत नाही. “त्याने त्याच्या हुशारीने मिळवले,” असं म्हणून लोक मोकळे होतात.

कायदा मात्र तसं म्हणत नाही, आणि हा कायदा कालचा नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. त्याच्या दहाव्या प्रकरणात एजंट आणि त्याचा मालक, म्हणजे ज्याच्या वतीने तो काम करतो तो, यांच्या नात्याचे नियम आहेत. एजंटाने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागायचं, मागितला की हिशेब द्यायचा, अडचण आली तर मालकाशी संपर्क साधून विचारायचं. कलम २१५ आणि २१६ तर दापोली-गुहागरात बसून लिहिल्यासारखी वाटतात. मालकाला न कळवता एजंटाने त्याच धंद्यात स्वतःचा व्यवहार केला, तर त्यात झालेला फायदा मालकाला मागता येतो. कलम २२० सांगतं की कामात गैरवर्तन केलं, तर त्या भागाचा मोबदलाही मागता येत नाही. यासाठी एजंटाची कुठे नोंदणी असावी लागत नाही, स्टँपपेपरवरचा करारही लागत नाही. वागण्यावरून नातं सिद्ध झालं तरी पुरे.

त्या कलमांखाली दिलेली उदाहरणं मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. एक माणूस आपली मिळकत विकायला एजंटाला सांगतो आणि एजंट ती तिसऱ्याच्या नावावर स्वतःच विकत घेतो. दुसऱ्यात मिळकत पाहताना एजंटाला तिथे खाण असल्याचं कळतं. मालकाला ते ठाऊक नाही. एजंट म्हणतो, मीच घेतो ही जागा, आणि खाणीबद्दल अवाक्षर काढत नाही. दोन्ही उदाहरणांत, लपवाछपवी सिद्ध झाली की मालकाला व्यवहार नाकारता येतो. आता ‘खाण’ या शब्दाच्या जागी महामार्गाची आखणी घाला, सागरी मार्गावरचा पूल घाला, रिफायनरीची जागा घाला. नाणार-बारसूच्या वेळी बाहेरच्या लोकांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. अलिबाग-उरणकडे अटल सेतू वाहता व्हायच्या कितीतरी आधी हेच झालं. जमीन देणाऱ्याला बातमी पेपरातून कळते, मधल्या माणसाला ती आधीच कळलेली असते. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला हे सुचलं होतं.

एक फरक इथे नीट केला पाहिजे. एजंटाने मालकाशी उघड साठेखत केलं, स्वतःचे पैसे घातले आणि पुढे जास्त भावाने विकलं, तर तो व्यापारी. धोका त्याचा, नफा त्याचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण म्हाताऱ्यासमोर ‘काका, मी तुमचाच माणूस’, पुणेकरांसमोर ‘ताई, मी तुमच्यासाठी भाव पाडून आणतो’ आणि हिशेबाच्या वेळी ‘मी माझा धंदा केला’, अशा तीन टोप्या एकाच डोक्यावर चालत नाहीत. इंग्लंडमध्ये १९७९ च्या इस्टेट एजंट कायद्याने, एजंटाचा स्वतःचा हितसंबंध असेल तर वाटाघाटीआधीच तो उघड करायला लावला आहे. आपल्याकडे तत्त्व १८७२ पासून आहे, पण ते दारावर लावायची पाटी नाही.

लोक विचारतात, मग रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा कायदा, कशाला आहे? रेरा आहे, आणि जिथे पोचतो तिथे चांगलं काम करतो. २०१६ च्या या कायद्याने एजंटाला पहिल्यांदा नाव दिलं, नंबर दिला. कलम ९ प्रमाणे नोंदणीशिवाय त्याने प्रकल्पातलं घर विकायचं नाही, आणि विकेल त्या प्रत्येक व्यवहारात आपला नोंदणी क्रमांक द्यायचा. कलम १० प्रमाणे नोंदणी नसलेल्या प्रकल्पात हात घालायचा नाही, हिशेबाची पुस्तकं ठेवायची, खोटी जाहिरात करायची नाही आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सगळी कागदपत्रं मिळवून द्यायची. मोडलं तर कलम ६२ प्रमाणे रोज १० हजार रुपये दंड, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली, आणि प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित केली. ठाण्या-पनवेलला टॉवरमधला फ्लॅट घेणाऱ्याला याचा आधार आहे.

पण कुंपण ‘प्रकल्पा’शी संपतं. व्याख्येतच लिहिलंय: प्रकल्पातला प्लॉट, सदनिका, इमारत. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर प्रकल्पाच्या नोंदणीचीच गरज नाही. गुंठा १०१ चौरस मीटरचा धरा, म्हणजे पाच गुंठ्यांना जेमतेम कमी. आमच्याकडे समुद्राजवळ उभी राहणारी चार-सहा खोल्यांची घरं यातच बसतात. जुनं कौलारू घर विकलं, रेरा नाही. आजोबांची बाग विकली, रेरा नाही. शेतजमीन शेतजमीन म्हणूनच वाट्यावाट्याने विकली, तर ‘हा प्रकल्पच नव्हे’ असा पवित्रा घ्यायला विकणारे मोकळे. कोकणात घरासाठी होणारे व्यवहार मुख्यतः या तीन जातींचे, आणि तिन्हींत एजंट रेराखाली कुणाला बांधील नाही. हरियाणाने २००८ मध्येच प्रॉपर्टी डीलरांसाठी वेगळा परवाना कायदा केला. महाराष्ट्राने प्रकल्पाबाहेरच्या दलालाकडे अजून वळून पाहिलेलं नाही.

याची किंमत घेणाराही भरतो. किंबहुना त्याच्याकडे दादही कमी, कारण एजंट कागदोपत्री त्याचा नसतोच. ‘क्लिअर टायटल, सी व्ह्यू, रोड टच’ अशी जाहिरात वाचून माणूस येतो ऑक्टोबरात, सगळं हिरवंगार असताना. सड्यावरचा तो तुकडा कातळाचा असतो. एप्रिलात तिथे टँकर लागतो, हे त्याला पुढच्या एप्रिलात कळतं. ‘रोड’ म्हणजे शेजाऱ्याच्या बागेतून जाणारी गाडीवाट, जी नकाशात नाही आणि गडगा घातला की बंद. मग मामलेदार कोर्टात वहिवाटीचा दावा, नाहीतर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली रस्त्यासाठी अर्ज. ‘सी व्ह्यू’ असतो तो बऱ्याचदा इतका जवळ, की दाट वस्तीची गावं सोडली तर ग्रामीण किनाऱ्याला लागू असणाऱ्या भरतीरेषेपासूनच्या २०० मीटरच्या ना-विकास क्षेत्रात तो प्लॉट येतो. विचारलं तर उत्तर तयार असतं: “खालच्या अंगाला सगळ्यांनी बांधलंय की!” सातबाऱ्यावर ‘खाजगी वने’चा शेरा असेल तर तो ‘निघतो, करून देऊ’. शेतकरी नसाल तर ‘दाखल्याची सोय होईल’. कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही आणि कलम ८४क खाली असा व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, हे सोय करणारा सांगत नाही. बांधलेलं घर पाडायची नोटीस येते तेव्हा ती घेणाऱ्याच्या नावाने येते. साक्षीदाराच्या नावाने येत नाही.

सगळ्यात वाईट फसगत मी पाहिलीय ती जुन्या घरांची. चार भावांचं सामाईक घर. एक भाऊ अडचणीत, एजंट त्याला गाठतो, ‘तुमचा हिस्सा तुम्हाला विकता येतो’ म्हणतो. ते खरंही असतं. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ४४ पुढे सांगतं, की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा करायचा. तो केला की १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे उरलेले भाऊ तो हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला परत मागू शकतात. घेणारा सुटीत ओटीवर झोपाळा टांगायचं स्वप्न बघत आलेला असतो, त्याच्या हाती येते तारीख. हे एक वाक्य, ‘तुम्ही घर नाही, भांडणातला चौथा हिस्सा घेताय’, सांगणं एजंटाचं काम नव्हे तर कुणाचं? वकील म्हणाल, तर वकीलही एजंटानेच लावून दिलेला असतो.

घेणाऱ्याने एजंटाला दोन टक्के दिलेले असतात. पैसे घेऊन सेवा दिली, म्हणजे ग्राहक आयोगाकडे जायची वाट कायद्याने उघडी आहे. तिथे पहिला प्रश्न येतो: पावती? पावती नसते. रोख दिलेले असतात, हॉटेलात बसून. म्हणजे १८७२ चा कायदा, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, सगळे त्या एका न फाडलेल्या पावतीपाशी येऊन थांबतात.

एजंट मंडळींशी मी यावर पुष्कळ बोललोय, रोजच भेटतात. त्यांचे दोन आक्षेप मला खोडता येत नाहीत. एक म्हणजे, सगळ्यांना नोंदणी आणि परीक्षा लावली तर गावातला पोरगा बाहेर पडेल आणि मुंबईची मोठी ऑफिसं आत येतील. पटतं. सातबारा वाचता न येणारा प्रमाणपत्रधारक मी पाहिलाय आणि नववी नापास असून तीन पिढ्यांचे फेरफार तोंडपाठ असणाराही पाहिलाय. दुसरा आक्षेप: दोन टक्क्यांत भागत नाही. चार लाखांचा तुकडा, एकवीस सह्या, मुंबईच्या सहा खेपा, आणि हातात आठ हजार. हेही खरं आहे. मग आठ टक्के घ्या, दहा घ्या, खेपेचे वेगळे लावा. ठरवून घ्या आणि ज्याच्याकडून घेता त्याला सांगून घ्या. छोट्या, किचकट जागेला मोठ्या फ्लॅटचा दर लावायचा हट्ट कुणी धरलेला नाही. तिसरा आक्षेपही ऐकतो, की सगळं उघड केलं तर आयकरवाले मागे लागतील. त्यावर मी चहा मागवतो.

म्हणून मला आणखी एका परीक्षेपेक्षा एक ओळ महत्त्वाची वाटते. प्रकल्पातल्या प्रत्येक विक्रीत एजंटाने आपला क्रमांक द्यायचा, हे रेराने मान्य केलंच आहे. तेच कुठल्याही खरेदीखताला लावायला काय हरकत आहे? आज दस्तनोंदणीच्या वेळी आपण पॅन देतो, आधार देतो, अंगठा देतो, फोटो देतो. त्यात मध्यस्थाचा एक रकाना वाढवावा: व्यवहार कुणाच्या मध्यस्थीने झाला, तो कुणाच्या बाजूने होता, कुणाकडून किती घेतले. मध्यस्थ नसेल तर ‘नाही’ लिहून दोन्ही पक्षांनी सही करावी. खोटं लिहिलं तर नोंदणी कायद्याखाली खोटं निवेदन हा गुन्हा आहेच. यातून रोखीचा व्यवहार संपेल असं मी म्हणत नाही. पण तो म्हातारा आणि त्या बाई एकाच कागदावर एकच आकडा वाचतील, आणि आकडे जुळले नाहीत तर टपरीवर नव्हे, सही करण्याआधी विचारतील.

सरकार तो रकाना कधी घालेल, ते घालेल. दस्ताचा मजकूर काय असावा हे पक्षकारांच्या हातात असतं. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी मसुद्यात शेवटच्या परिच्छेदाआधी एक वाक्य टाकून दोघांनाही वाचून दाखवतो: ‘सदर व्यवहार श्री. अमुक यांच्या मध्यस्थीने झाला असून त्यांना लिहून देणार यांनी रुपये इतके व लिहून घेणार यांनी रुपये इतके मोबदला दिला आहे.’ नको असेल तर काढतो. आतापर्यंत नऊ दस्तांत ते टिकलं. त्यातल्या एकात एजंटानेच आग्रह धरला, कारण आधीच्या व्यवहारात घेणाऱ्याने त्याचे दोन टक्के बुडवले होते. आणि साडेतेरा लाखवाला, तो हल्ली शेजारच्या टेबलावर बसतो. परवा जाता जाता म्हणाला, “भाऊ, तुमचं ते वाक्य तेवढं काढा, मग येतो.”